जाहिरात की जनसंपर्क: मर्यादित पैसा कुठे घालावा?

रक्तपेढी, पतसंस्था किंवा आरोग्याचे काम करणारी एखादी छोटी संस्था यांच्याकडे वर्षभराच्या प्रसिद्धीसाठी बेताचीच रक्कम असते आणि ती जाहिरातीवर खर्च करावी की जनसंपर्कावर, हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत हमखास निघतो. लोक आपल्याला ओळखत नाहीत, की ओळखूनही आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे आधी नीट तपासावे. निवड त्यावरच ठरते, असे माझे मत आहे.

जाहिरातीची जागा आपण विकत घेतो, त्यामुळे मजकूर, चित्र, पान आणि दिवस हे सारे आपल्या हातात राहते. पुढच्या रविवारी शिबिर असेल, तर जाहिरातीला पर्याय नाही. मात्र ही जागा पैसे देऊन घेतलेली आहे हे वाचकही जाणतो आणि त्या बेतानेच तिच्यावर विश्वास ठेवतो. जनसंपर्कातल्या प्रसिद्धिपत्रकाचे उलट असते: ते छापायचे की नाही, त्यातले किती कापायचे, हे संपादक ठरवतो, पण छापून आले, तर तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून आलेला असतो.

दोहोंतला फरक पल्स पोलिओ मोहिमेत जितका स्पष्ट दिसला, तितका क्वचितच कुठे दिसतो. १९९५ साली ही मोहीम देशभर सुरू झाली आणि पुढे ‘दो बूंद जिंदगी की’ हे वाक्य अमिताभ बच्चन यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. तरीही २००२ साली देशात सुमारे १,६०० मुलांना पोलिओ झाला आणि त्यांतली बहुसंख्य उत्तर प्रदेशातली होती. तिथल्या अनेक वस्त्यांत थेंबांची माहिती सर्वांना होती, पण या थेंबांमुळे मुलांना पुढे मूल होणार नाही, ही अफवाही तितकीच पक्की बसली होती. ज्या घरातले मूल थेंबांविना राहिले, त्या घरावर लसीकरण करणारे खडूने ‘एक्स’ अशी खूण करीत. अशा दारात जाहिरातीचा उपयोग संपतो, कारण घरातली आई प्रश्न विचारत असते आणि जाहिरातीला उत्तर देता येत नाही. ते जनसंपर्काचे काम युनिसेफच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या जाळ्यातल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या स्त्रियांनी केले. मशिदींतून इमामांनी आवाहन केले. अधिक परिणामकारक लस आली, याचेही श्रेय मोठे आहे. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

यावरून जनसंपर्क नेहमीच अधिक प्रामाणिक असतो, असे कुणी समजू नये. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी सिगारेट कंपनीसाठी काही तरुणींना भर रस्त्यात सिगारेट ओढायला लावले आणि वृत्तपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून छापली. खर्च कोणी केला, हे वाचकाला कळलेच नाही. जाहिरातीत निदान ते तरी लपत नाही.

आपल्याकडे यापुढची पायरी २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत दिसली: उमेदवाराची स्तुती करणारा तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून शब्दशः सारखा छापून आला, आणि अशा ‘पेड न्यूज’वर प्रेस कौन्सिलला पुढच्या वर्षी अहवाल द्यावा लागला. म्हणून ‘जाहिरातीच्या दरात बातमीच लावून देतो’ असा प्रस्ताव आला, तर तो स्पष्ट नाकारावा आणि तो नकार ठरावाच्या वहीत नोंदवून ठेवावा. संस्था नवी असेल, तर पहिली दोन वर्षे बहुतेक पैसा जाहिरातीवर घालावा. नाव झाले आहे, पण संशयही आहे, अशी स्थिती असेल, तर त्याच रकमेत वस्तीतली एक विश्वासू व्यक्ती वर्षभर मानधनावर नेमावी आणि लोकांनी तिला विचारलेला प्रत्येक प्रश्न दर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवावा.