तिरानोला जाताना: मिलानहून की कूरहून?

इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या तिरानो गावात दोन रेल्वे स्टेशनं एकमेकांना लागून आहेत. एकात मिलानची गाडी थांबते, दुसऱ्यातून लाल बर्निना गाडी आल्प्स चढायला निघते. प्रश्न एवढाच, की तिरानोला कोणत्या बाजूने पोचायचं?

मिलानहून थेट गाडी आहे, अडीच तासांची. भाडं ठरलेलं असल्यामुळे त्याच दिवशी तिकीट काढलं तरी चालतं. डावीकडची खिडकी धरा, कारण लेक्कोनंतर कोमो तलाव बराच वेळ सोबत राहतो.

झुरिकहून स्वित्झर्लंडमधलं कूर गाव सव्वा तासावर, आणि तिथून तिरानो चार तास. हा रस्ता महाग, पण वाटेत लांडवासरचा ६५ मीटर उंच, सहा कमानींचा पूल लागतो. पूल वळत जाऊन थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतो. तो पाहायला उजवीकडे बसा.

बर्निना मार्गाचा मोठेपणा मात्र चढणीत आहे. आपल्या खंडाळा-कसारा घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, आणि तेवढ्यासाठीही बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लागतात. इथे चढ १४ ला १ आहे आणि चाकाला पकड देणारा दातेरी रूळ कुठेच नाही. ४२९ मीटरवरच्या तिरानोपासून २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनापर्यंत गाडी साध्या रुळांवरूनच चढते. ब्रूझिओला उंची कमी-जास्त करायला जागा पुरत नाही, म्हणून रूळ उघड्यावर गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातात.

यातला सर्वांत सुंदर टप्पा मला तिरानो ते आल्प ग्रूम या डोंगरातल्या स्टेशनापर्यंतचा वाटतो, आणि मिलानकडून येणाऱ्याला तो आधीच मिळतो. म्हणून हातात एकच दिवस असेल तर मिलान. सकाळी लवकर निघून आल्प ग्रूमपर्यंत जा आणि परत फिरा. सेंट मॉरिट्झ गाठून त्याच दिवशी परतायचं म्हटलं तर दहा तास गाडीतच जातील. दोन दिवस असतील, किंवा विमान झुरिकला उतरत असेल, तर कूर. स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपर्यंत चालतो. पुढे मिलानचं तिकीट वेगळं.

कुठल्याही बाजूने आलात तरी बर्निना एक्स्प्रेस या खास पर्यटक गाडीचाच हट्ट नको. तिला आरक्षण सक्तीचं आणि तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत, फोटोत प्रतिबिंब येतं. त्याच रुळांवरून साधी लाल गाडीही जाते, आरक्षणाशिवाय. पासपोर्ट जवळ असू द्या.

तिरानोत गाडी बदलताना तासभर हाताशी ठेवा. कुट्टूच्या पिठाच्या शेवयांत बटाटा, कोबी आणि चीज घालून केलेली पिझ्झोकेरी ही याच खोऱ्याची, आणि शाकाहारी माणसाचंही पोट तिने भरतं.