जुन्या फ्रिजला मोटारीचा पीयू रंग : फेब्रुवारी ते दिवाळीचा अनुभव

सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात घेतलेला एकदारी फ्रिज आमच्या कोथरूडच्या घरात अजूनही उत्तम गार करतो. मात्र त्याचा पांढरा रंग पिवळा पडला होता, हँडलभोवती तो पत्र्यापर्यंत झिजला होता आणि दाराच्या खालच्या कडेला गंजाचे पोपडे सुटू लागले होते. गेल्या फेब्रुवारीत आम्ही त्याला फिक्या पिस्ता छटेत, मोटारींना वापरतात तो दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग देऊन घेतला. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीच्या फराळाची तळणी उलटून गेल्यावर आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

पावडर कोटिंग (रंगाची भुकटी पत्र्यावर उष्णतेने वितळवून बसवणे) करा, असे सांगणारे पुष्कळ भेटले. ते आवरण साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्के करावे लागते, आणि आत इन्सुलेशन, प्लास्टिकचे अस्तर व वायूच्या नळ्या असलेली अख्खी पेटी भट्टीत घालणे अशक्य आहे. साधा ऑइल पेंट स्वस्त पडतो व घरीच ब्रशने देता येतो, परंतु तो बराच काळ मऊ राहतो आणि पांढऱ्या किंवा फिक्या छटांवर काही वर्षांत पिवळेपणा चढतो. पीयूमध्ये हार्डनर, म्हणजे त्याचा दुसरा घटक, मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन थर कडक बनतो. मात्र त्या हार्डनरमधील आयसोसायनेट ही रसायने श्वसनमार्गाला घातक असतात. म्हणून हे काम सदनिकेच्या बाल्कनीत साधा मास्क लावून करण्याजोगे नाही. आम्ही रंग नाना पेठेतून घेतला आणि फवारणी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये करून घेतली. एकूण खर्चात रंगापेक्षा मजुरीचाच वाटा मोठा होता.

रंगाचा विचार करण्यापूर्वी मात्र यंत्र तपासून घ्यावे. त्या काळच्या फ्रिजमध्ये सहसा आर-१२ हा वायू असे. ओझोन थराला हानी पोहोचवणाऱ्या या वर्गातील वायूंचा वापर माँट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून बंद झाला. त्यामुळे गळती असलेल्या फ्रिजच्या पत्र्यावर पैसे घालणे मला तरी पटत नाही.

या रंगाचा टिकाऊपणा मुख्यतः पूर्वतयारीने ठरतो, असे माझे मत आहे. आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे फोडणीचा अदृश्य तेलकट थर पत्र्यावर बसतो, आणि तो राहिला तर उत्तम प्रायमरसुद्धा पकड घेत नाही. म्हणून आम्ही आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने, नंतर स्वच्छ पाण्याने आणि शेवटी थिनरच्या फडक्याने सर्व पृष्ठभाग पुसून घेतला. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून (घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली) कोरडे घासणे कटाक्षाने टाळले आणि वॉटर पेपर (ओला वापरता येणारा घासकागद) पाण्यात भिजवूनच वापरला, पहिल्यांदा ३२० नंबरचा व नंतर ६०० नंबरचा. गंजलेल्या कडेला फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावून वर इपॉक्सी प्रायमर दिला. पोचे भरताना लांबी (पुटी) अगदी पातळ ठेवली, कारण लांबी ओलावा शोषते. आतील अस्तर आणि मागची जाळी रंगवली नाही. जाळीवर रंगाचा जाड थर चढला तर उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो, तेव्हा ती ब्रशने झाडली एवढेच. दाराचे रबर आधी काढले होते, आणि रंग पूर्ण पक्का होईपर्यंत, म्हणजे सुमारे आठवडाभर, नवे बसवले नाही, अन्यथा ते ओल्या रंगाला चिकटले असते. फ्रिजची ने-आण उभ्यानेच केली व घरी आणल्यावर काही तास थांबून मगच तो सुरू केला.

इतक्या महिन्यांच्या वापरानंतर तुकतुकी जवळजवळ पहिल्यासारखी आहे. हँडलजवळ हळदीच्या आणि तेलाच्या हातांचे डाग पडतात, पण साबणाच्या पाण्याने ते पूर्ण निघतात. जुन्या रंगावर ते कायमचे राहत असत. चुंबकांखाली मात्र बारीक वर्तुळाकार ओरखडे उमटले आहेत, आणि तिरप्या उजेडात ते स्पष्ट दिसतात. दिवाळीची साफसफाई करताना कोणी तारेची घासणी लावू नये, यासाठी मला पहाराच द्यावा लागला.

खरी उणीव पावसाळ्यात दिसली. जुलैत हवेतील दमटपणामुळे दाराच्या चौकटीवर सतत घाम धरत असे, आणि खालच्या बिजागरीच्या स्क्रूपाशी, जिथे स्क्रू आवळताना थर तुटला होता, गंजाची एक छोटी पुटकुळी आली. न मिसळलेला रंग व हार्डनर वेगवेगळे जपून ठेवल्याने ती घासून दुरुस्त करता आली. एकदा मिसळलेला पीयू काही तासांत घट्ट होतो व टाकून द्यावा लागतो. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घातल्यापासून तिथे गंज आलेला नाही, पण पुढचा पावसाळा संपेपर्यंत मी त्यावर ठाम बोलणार नाही.

विजेच्या बिलात रंगाने काहीही फरक पडत नाही. तारांकित लेबलांची पद्धत २००६ मध्ये आली. हे यंत्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे आणि आजच्या पाचतारांकित फ्रिजशी त्याची तुलनाच होत नाही. नव्या रबरामुळे दार घट्ट लागते आणि बर्फ पूर्वीपेक्षा उशिरा साचतो, एवढा लाभ झाला आहे. ज्यांचा जुना फ्रिज धडधाकट आहे आणि ज्यांना तो ठेवायचाच आहे, त्यांनी पीयूचा खर्च जरूर करावा. फवारणीसाठी कोरडे महिने निवडावेत आणि कारागिराशी बोलताना रंगाच्या छटेपेक्षा खालच्या कडेविषयी अधिक विचारावे.