मुनीमाच्या घरातले दोन वजनकाटे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात मी गेली एकोणीस वर्षे मुनीम आहे. दिवसभर सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची वजने लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःचे वजन मात्र गेल्या जूनपर्यंत नीट ठाऊक नव्हते. याला जसा माझा आळस कारण होता, तसाच काटाही कारण होता. ज्या दवाखान्यात मी रक्तदाब दाखवायला जात असे, तिथला स्प्रिंगचा काटा १२० किलोपर्यंतच होता. मी त्यावर उभा राहिलो की सुई शेवटच्या आकड्याला जाऊन टेकायची आणि केसपेपरवर ‘१२० च्या वर’ एवढेच लिहिले जायचे. अखेर एका दुपारी सौदे आटोपल्यावर, जिथे धान्याचे कट्टे (पोती) ठेवून तोलतात त्याच प्लॅटफॉर्म काट्यावर मी चपला काढून उभा राहिलो. आकडा आला १३४.६. शेजारच्या हमालाने तो सवयीने मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “मुनीमजी, दोन कट्टे भरले की हो!” त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, तो रोजच्यासारखे वजन पुकारत होता, इतकेच.

त्याच आठवड्यात मी घरासाठी दोन काटे मागवले, एक माणसाचे वजन करण्याचा आणि एक स्वयंपाकघरातला. ज्यांना पाच-सात किलोच उतरवायचे आहेत त्यांना पुढचे बरेचसे लागू पडणार नाही. ज्यांना तीस-चाळीस किलो उतरवायचे आहेत आणि सुरुवात नेमकी कुठून करावी हे सुचत नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

माणसाचा काटा घेताना बारीक माणूस जे पाहत नाही, ते जाड माणसाला आधी पाहावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे कमाल मर्यादा. १५० किलोपर्यंतचे काटे बाजारात आहेत, परंतु मर्यादेच्या अगदी जवळ वापर करणे मला पटत नाही, म्हणून मी १८० किलोचा निवडला. दुसरी गोष्ट म्हणजे काचेची लांबी-रुंदी. पहिल्यांदा आलेल्या काट्यावर माझी दोन्ही पावले मावेनात, टाचा बाहेर राहून तोल जायचा, म्हणून तो परत पाठवावा लागला आणि पैसे परत येण्यास तीन आठवडे लागले. तिसरी अडचण सांगताना संकोच वाटतो, पण सांगितलीच पाहिजे: काट्यावर उभे राहून खाली पाहिले तर मला आकडा दिसत नसे, मधे पोट येत असे. पहिले तीन महिने आकडा माझ्या पत्नीने वाचला. वजन मोबाइलवर पाठवणारा किंवा पायउतार झाल्यावरही आकडा काही क्षण धरून ठेवणारा काटा अशा वेळी उपयोगी पडतो. या एका सोयीसाठी दोनशे रुपये जास्त गेले, ते सार्थकी लागले.

आमचे घर जुने आहे आणि खाली शहाबादी फरशी आहे. काटा आला त्या दिवशी मी चार ठिकाणी वजन केले, तर चार आकडे आले आणि त्यांत सव्वा किलोपर्यंत फरक होता. दोष काट्याचा नव्हता. या काट्याच्या चारही पायांत धातूची एक-एक छोटी पट्टी असते. भार पडला की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन काढले जाते. फरशीला उंचसखलपणा असला आणि एक पाय अधांतरी राहिला, तर त्याच्या वाट्याचा भार चुकीचा मोजला जातो. सतरंजीवर ठेवल्यास हीच गत होते. शेवटी नवीन टाइल बसवलेल्या न्हाणीच्या दारासमोरची जागा ठरवली आणि काटा तिथून हलवायचा नाही असा घरात नियम केला. हलवावाच लागला, तर आधी पायाने दाबून सोडायचा, शून्य येऊ द्यायचे आणि मगच चढायचे. आमच्या भाषेत बोलायचे तर धडा करून घ्यायचा.

व्यापारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. घरच्या काट्याला कोणी शिक्का मारत नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी मी तो दुकानातल्या शिक्क्याच्या काट्याशी ताडून पाहतो. घरचा काटा नेहमीच तीनशे-चारशे ग्रॅम कमी दाखवतो. हा पासंग रोज सारखाच असेल, तर त्याने काही बिघडत नाही. आजचा आकडा काल-परवाच्या आकड्याशी लावायचा असतो, गिऱ्हाइकाला पट्टी (हिशेबाची पावती) द्यायची नसते.

आता मुख्य मुद्दा. जेवण कमी केल्यावर पहिल्या आठ दिवसांत माझे २.९ किलो उतरले. घरात आनंद झाला, आईने साखर वाटायला काढली आणि मीच ती परत ठेवायला लावली. पुढच्या आठ दिवसांत फक्त चारशे ग्रॅम उतरले आणि एके दिवशी तर आकडा चढला. मोठे वजन घेऊन सुरुवात करणारे अनेक जण याच ठिकाणी काटा माळ्यावर टाकत असावेत, असे मला वाटते. मला वाचवले ते सोयाबीनने. आमच्याकडे कोणताही व्यापारी मालाचा ओलावा पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांची मर्यादा असते आणि पावसात भिजलेला माल काट्यावर कितीही भरला, तरी त्यातले पाणी कोणी माल म्हणून विकत घेत नाही. शरीराचेही तसेच आहे. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. जेवण कमी केले की आधी हा साठा खर्च होतो आणि त्याबरोबर पाणी जाते. पहिल्या आठवड्यातला मोठा आकडा बहुतांशी या ओलाव्याचा होता, आणि नंतरची सुस्त घट हा खरा माल होता.

याची उलट बाजू महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, दिसली. पुरणपोळी, आमटी, सोळा भाज्या, फुलोरा असे दोन दिवस जेवल्यावर तिसऱ्या सकाळी काटा १.९ किलो वर गेला. मी हिशेब मांडला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे १.९ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेचौदा हजार कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. चार किलोहून अधिक ज्वारीचे पीठ रोजच्या जेवणाच्या वर खाण्यासारखे ते झाले असते. मी खाण्यात कच्चा नाही, परंतु एवढे माझ्याने झाले नव्हते. वाढलेला आकडा मिठाने धरलेल्या पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा होता. पाचव्या दिवशी त्यातला बराच उतरला. तेव्हापासून मी रोज सकाळी, शौचानंतर आणि चहाच्या आधी वजन करतो, ते वहीत लिहितो, पण पाहतो ती फक्त रविवारी काढलेली सात दिवसांची सरासरी. रोजचा आकडा ओला असतो.

या काट्यात चरबी, स्नायू, हाडे आणि ‘शरीराचे वय’ दाखवण्याचीही सोय आहे. तळपायांतून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडून तो हे आकडे अंदाजाने काढतो आणि शरीरातल्या पाण्यानुसार ते बदलतात. दोन तांबे पाणी पिण्याआधी व प्यायल्यानंतर मी चरबीचे प्रमाण पाहिले, तर वेगवेगळे आले. मी ते पान उघडणे बंद केले. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी मात्र ही सोय असलेला काटा वापरूच नये.

खरे काम केले ते दुसऱ्या, साडेचारशे रुपयांच्या काट्याने. तो एका ग्रॅमपर्यंत मोजतो आणि भांडे ठेवून शून्य करता येतो, म्हणजे बारदान वजा जाते. घरात त्याचे स्वागत झाले नाही. आई म्हणाली, “अन्न तोलून खाऊ नये बाळा, तोललेलं अंगी लागत नाही.” अंगी लागू नये हाच हेतू आहे, असे तिला उत्तर देण्याचा मोह मी आवरला. भाकरी मोजणे तिला अशुभ वाटते, म्हणून आम्ही तोड काढली: ताटातले काही तोलायचे नाही, परातीत घेतलेले पीठ, कढईत पडणारे तेल आणि डब्यातली साखर तेवढी तोलायची. पहिले पंधरा दिवस मी खाण्यात काहीही बदल केला नाही, फक्त लिहीत गेलो. सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने हे पंधरा दिवस काढावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वहीत जे दिसले त्याने मीच चकित झालो. माझ्या एका भाकरीला ११५ ग्रॅम पीठ लागत होते आणि मी एका बैठकीला तीन खात होतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३० ते ३५० कॅलरी धरल्या, तर नुसत्या भाकरीच्याच अकराशेहून अधिक झाल्या. यात ज्वारीला दोष नाही; ज्वारी पचायला हलकी म्हणून कितीही चालते, हा समज माझा होता. शेंगदाण्याच्या चटणीचे तसेच. ‘तोंडी लावायला’ म्हणून घेतलेली चटणी वर सोडलेल्या कच्च्या तेलासह साठ ग्रॅम भरली, आणि शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेहून अधिक कॅलरी असतात. तेलाचा हिशेब तर तोलायच्या आधीच घरात होता: पंधरा किलोचा डबा लावला की पत्नी त्यावर तारीख लिहिते, आणि मागचा डबा पाच माणसांत बहात्तर दिवस पुरला होता. म्हणजे माणशी रोज सुमारे बेचाळीस ग्रॅम, कॅलरीत पावणेचारशे. श्रावणी सोमवारच्या साबुदाण्याच्या खिचडीचे एक ताट माझ्या नेहमीच्या जेवणाहून जड निघाले, तेव्हा मी उपवास सोडले, किंवा खरे सांगायचे तर उपवासाचे पदार्थ सोडले.

परंतु सगळ्यांत लाजिरवाणा आकडा चहाचा होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला चहा सांगितला जातो आणि त्याच्यासोबत मुनीमही घेतो. दिवसाचे आठ कप, कपाला दहा ग्रॅम साखर, म्हणजे महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर मी केवळ सौजन्यापोटी पीत होतो. आता दोन कप घेतो, बाकीच्या वेळी समोर ताकाचा ग्लास असतो. पहिल्या महिन्यात एका जुन्या शेतकऱ्याला त्याचा राग आला होता.

पुढचा बदल यातूनच ठरला. ऐंशी ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, चटणी चमचाभर, मोड आलेली मटकी किंवा अंडी रोज, घट्ट वरण, आणि पूर्वी वाटीत बसणारी पालेभाजी आता ताटलीत. आताचा तेलाचा डबा एकशे दहा दिवस चालला. उपाशी मी राहिलो नाही. राहिलो असतो तर आडतीवरच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रात्री नऊपर्यंत बसून पट्ट्या लिहिणे जमले नसते. त्या दोन महिन्यांत वजन जवळपास हलले नाही, आणि ते न वाढणे हेच मी पुरेसे मानले.

एक चूक मात्र काट्याने दाखवली नाही. सुरुवातीला डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉईड तपासून घेतले होते. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हेही सांगितले होते, आणि महिन्याने पुन्हा बोलावले होते. मी गेलो नाही. मी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतो, ती रक्तातली साखर उतरवते. खाणे कमी झाले, गोळी तीच राहिली आणि सहाव्या आठवड्यात भर सौद्याच्या वेळी मला घाम फुटून हात कापू लागला. हमालांनी गूळ खाऊ घातला. नंतर मोजली तेव्हा साखर ६२ होती, म्हणजे फार खाली. गोळी निम्मी झाली, पुढे रक्तदाबाचीही कमी झाली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी करणार असाल, तर डॉक्टरांची पुढची तारीख काटा मागवण्याआधीच घ्या.

चालण्याविषयी थोडकेच. पहिल्या दिवशी मी सात मिनिटे चाललो आणि गुडघ्यांनी बसवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल माणसांत वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे आढळले होते; हा दर कोणत्याही आडत्याला आवडेल. आता यार्डात सौदे सुरू होण्याआधी चाळीस मिनिटे होतात. उन्हाळ्यात वेळ आणखी अलीकडे न्यावी लागेल.

दोन्ही काट्यांत दोष आहेत. मोठ्याचे सेल दोनदा बदलावे लागले आणि सेल उतरले की तो आकडा दाखवणे बंद करण्याऐवजी आधी चुकीचा दाखवतो. छोट्याचा पत्रा तेलकट हाताने निसरडा होतो आणि दोन-तीन ग्रॅमसारखे किरकोळ वजन त्याला नीट कळत नाही, त्यामुळे मिठाच्या हिशेबाला तो निरुपयोगी आहे. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडे सगळे शेतात जाऊन जेवतात त्या सणाला, छोटा काटा मी शेतात नेला नाही. भज्जी, उंडे, आंबील यांचे वजन करणाऱ्या माणसाला कोणी शेतातल्या कोपीशेजारच्या (खोपटाशेजारच्या) पंगतीत बसू देणार नाही, आणि मलाही ते करायचे नव्हते.

मागच्या रविवारची सरासरी ११३.२ आली, म्हणजे नऊ महिन्यांत २१.४ किलो. गेल्या पंधरवड्यात त्याच दवाखान्यात गेलो होतो. स्प्रिंगच्या काट्याची सुई आता शेवटपर्यंत जात नाही. ती ११४ वर थांबली आणि पहिल्यांदाच केसपेपरवर पूर्ण आकडा लिहिला गेला. कपड्यांचे आणि सकाळच्या नाश्त्याचे बारदान वजा केले, तर तो जुना काटाही फारसा चुकत नाही.