गळ्यातले बटण आणि पलीकडचा आवाज : एका आपत्कालीन मदत सेवेचे परीक्षण

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गळ्यात किंवा मनगटावर घालायचे बटण, घरात ठेवायचा बोलका डबा आणि त्याच्या पलीकडे अहोरात्र चालणारे मदत केंद्र, अशी तीन अंगे असलेल्या सेवा आता अनेक कंपन्या देतात. त्यांतील एक सेवा माझ्या सासूबाई वापरतात. त्या ऐंशी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका आहेत. एकट्या राहतात आणि एकट्याच राहणार, हे त्यांनी स्वतः ठरवलेले आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या सेवांची यंत्रणा थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि पुढे नोंदवलेले गुणदोष कोणतीही सेवा निवडताना तपासावे लागतील असेच आहेत.

या यंत्रणेचे नेमके काम काय, हे आधी स्पष्ट असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. मात्र एकट्या माणसाच्या बाबतीत पडण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घातक ठरते ते पडल्यानंतर उठता न येणे. तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्यास दाबाखाली आलेल्या स्नायूंचे तंतू तुटू लागतात, त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडावर ताण आणतात, त्वचेला दाबाच्या जखमा होतात, शरीरातले पाणी आणि उष्णता घटते, आणि हाड मोडलेले नसतानाही माणूस रुग्णालयात पोहोचतो. बटणाचे काम हा मधला काळ कमी करणे एवढेच आहे. ते पडणे टाळत नाही. जाहिरातींत वृद्ध जोडपी निर्धास्तपणे जिने चढताना दाखवतात, ते पाहून हा फरक पुसला जातो, म्हणून तो येथे आग्रहाने सांगितला.

ही कल्पना नवी नाही. 1970च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान यांनी घरगुती आपत्कालीन हाकेची यंत्रणा उभी केली, आणि अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी 1974 मध्ये याच कामासाठी कंपनी काढली. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही : बटणातून डब्याकडे रेडिओ संदेश जातो, डबा केंद्राला फोन लावतो आणि केंद्रातला माणूस डब्याच्या स्पीकरवरून बोलतो. बदलले आहेत ते फोनचे जाळे आणि संवेदक (सेन्सर).

वस्तू म्हणून आमच्याकडचे बटण चांगले आहे. ते हलके आहे, पाण्यात चालते आणि त्याची बॅटरी रोज चार्ज करावी लागत नाही. पाण्यात चालणे ही चैन नव्हे. ओल्या फरशीमुळे न्हाणीघर ही घरातली मोठ्या धोक्याची जागा असते, आणि आंघोळीपूर्वी खुंटीला अडकवून ठेवायचे बटण नेमके तिथेच निरुपयोगी ठरते. गोफाला ताण बसताच सुटणारी कडी आहे, जी असायलाच हवी, कारण न सुटणारा गोफ पलंगाच्या किंवा वॉकरच्या कोपऱ्यात अडकल्यास गळफास बसू शकतो. सांधेदुखीच्या बोटांना बटण दाबायला किती जोर लागतो, हे दुकानात आपल्या बोटाने तपासण्यात अर्थ नाही; ज्यांनी वापरायचे त्यांनीच ते दाबून पाहावे, आणि तेही डाव्या हाताने, कारण पडताना उजवा हात अंगाखाली सापडू शकतो. सासूबाईंनी सगळ्या खोल्यांत फिरून, दारे बंद करून बटण दाबून पाहिले. मागच्या गॅलरीतून संदेश पोहोचत नव्हता, तो डबा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवल्यावर पोहोचू लागला. डब्याचा आवाज मात्र कानयंत्र काढून ठेवल्यावर त्यांना शेजारच्या खोलीत नीट ऐकू येत नाही. रात्री कानयंत्र काढणाऱ्या माणसासाठीच बनवलेल्या वस्तूत ही उणीव असावी, हे अक्षम्य वाटते. मनगटी पट्ट्यातच स्पीकर असलेली उपकरणे मिळतात. कमी ऐकू येत असल्यास तीच घ्यावीत.

पडल्याचे आपोआप ओळखण्याची सोय हे कंपनीचे मुख्य आकर्षण आहे आणि तिच्यावरच सर्वाधिक गैरसमज आहेत. बटणातला संवेदक आधी क्षणभराचा मुक्त पतनासारखा हलकेपणा, मग जोराचा आघात, मग शरीराची बदललेली दिशा आणि त्यानंतरची निश्चलता, असा क्रम शोधतो. काही उपकरणे हवेच्या दाबातल्या सूक्ष्म फरकावरून उंची कमी झाल्याचेही पडताळतात. उभ्याने धाडकन पडलेला माणूस या क्रमात बसतो. परंतु म्हातारपणी माणसे नेहमी धाडकन पडत नाहीत. पलंगाच्या कडेवरून घसरत, भिंतीला धरून हळूहळू खाली बसत, खुर्चीत बसता बसता निसटत ती जमिनीवर येतात, आणि अशा वेळी संवेदकाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. उलट, सोफ्यावर जरा जोरात अंग टाकले की केंद्रातून विचारणा होते. संवेदनशीलता वाढवली तर खोट्या हाका वाढतात, कमी केली तर खऱ्या निसटतात. ही तडजोड कोणत्याही कंपनीला टळलेली नाही. तेव्हा ही सोय जादा आधार म्हणून घ्यावी आणि शुद्ध असेपर्यंत बटण स्वतःच दाबायचे, असे घरात ठरवून ठेवावे.

सेवेचा खरा कस लागतो तो पलीकडच्या माणसात. आमच्या अनुभवात केंद्रातून उत्तर त्वरेने येते आणि बोलणाऱ्याच्या समोर नाव, औषधे, आजार व जवळच्या माणसांची यादी उघडलेली असते. पहिल्याच चाचणीच्या वेळी पलीकडच्या मुलीने ‘आजी, घाबरू नका हं’ म्हटले, तेव्हा सासूबाईंनी तिला ‘मी घाबरलेली नाही आणि तुझी आजीही नाही, मला बाई म्हण’ असे बजावले. त्यानंतर प्रत्येक वेळी कोणीही बोलले तरी त्यांना ‘बाई’च म्हणतात, म्हणजे ती नोंद कुठेतरी झाली आणि वाचलीही जाते. ही गोष्ट लहान वाटेल, पण माझ्या लेखी या सेवेचे सर्वांत जास्त गुण तिला आहेत. दूर कुठेतरी बसलेला अनोळखी माणूस आपल्याशी कसा बोलेल, यावर रात्री दोन वाजता बटण दाबावे की सकाळपर्यंत निभावून न्यावे हा निर्णय अवलंबून असतो.

आणि हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. केंब्रिज येथे नव्वदीपुढच्या 110 जणांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास 2008 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक जण पडले, आणि ज्यांच्याकडे मदत मागवण्याची यंत्रणा होती त्यांतल्याही बहुतेकांनी एकटे असताना पडल्यावर ती वापरली नाही. बटण अंगावर नसणे हे त्याचे एक कारण झाले, परंतु संकोच, लोकांना उगाच त्रास नको ही भावना आणि एकदा रुग्णालयात नेले की घरी परत येऊ देणार नाहीत ही भीती ही कारणे त्याहून खोल आहेत. सासूबाईंनीही सुरुवातीला ‘माझ्या गळ्यात घंटा बांधताय का?’ असे विचारले होते. गोफ त्यांनी कधीच पत्करला नाही. मनगटी पट्टा घेतला, तोही घड्याळासारखा दिसणारा, आणि तो आजवर हातातून निघालेला नाही. म्हणून आकार, रंग, जागा यांची निवड वापरणाऱ्याने करावी, हा माझा आग्रह सौंदर्यदृष्टीचा नसून उपयुक्ततेचा आहे.

हाक ऐकली गेल्यावर घरी येणार कोण, याचे उत्तर कंपनी देत नाही. ते आपल्यालाच तयार ठेवावे लागते. केंद्र आपण दिलेल्या क्रमाने माणसांना फोन करते. त्या यादीत दूर राहणाऱ्या मुलाचे नाव पहिले घालणे हा भावनेचा निर्णय झाला. तिथे चालत पोहोचू शकणाऱ्या शेजाऱ्याचे नाव हवे, आणि त्याला तसे विचारूनच ते घालावे. दार आतून बंद असेल तर आलेला माणूस बाहेरच उभा राहील, त्यामुळे आकड्याच्या कुलपाची किल्लीपेटी बाहेर बसवणे आणि तिचा आकडा केंद्राकडे नोंदवणे हे बटणाइतकेच महत्त्वाचे आहे. आतली कडी लावण्याची सवय असेल तर तीही सोडावी लागते. केंद्राच्या लोकांना प्रशिक्षण चांगले असावे, असे एका प्रसंगावरून दिसले. सासूबाई खरोखर घसरून पडल्या, तेव्हा धावत आलेल्या शेजाऱ्यांना पलीकडून प्रथम ‘त्यांना ओढून उठवू नका’ असे सांगण्यात आले. एक पाय आखूड झालेला किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो का, म्हणजे खुब्याचे हाड मोडल्याची शंका आहे का, हे पाहायला सांगितले. डोक्याला मार लागला का आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारले. अशा गोळ्या चालू असताना डोके आपटले तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

आता तक्रारीकडे. बटणासोबत एक अ‍ॅप येते आणि ते नातेवाइकांच्या फोनवर चालते. त्यात सासूबाई घराबाहेर केव्हा गेल्या, कुठे गेल्या, रात्री किती वेळा उठल्या, हे सारे माझ्या नवऱ्याला दिसू लागले. ही देवाणघेवाण मुळातच चालू ठेवलेली होती आणि ती बंद करायला सासूबाईंनी स्वतः फोन केला तेव्हा ‘खातेधारकाशी बोलावे लागेल’ असे उत्तर मिळाले. खातेधारक म्हणजे पैसे भरणारा मुलगा. ज्यांच्या हालचालींची नोंद होते त्यांचाच त्या नोंदीवर अधिकार नाही, हे स्वतंत्र राहण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या सेवेत मुळीच खपवून घेण्यासारखे नाही. शेवटी खातेच त्यांच्या नावावर करून घ्यावे लागले आणि त्यांनी फक्त आपत्कालीन हाकेपुरती माहिती खुली ठेवली. कंपनीची खरी गिऱ्हाईक काळजीत पडलेली मुले आहेत, हे या अ‍ॅपच्या प्रत्येक पडद्यावरून जाणवते.

स्मार्ट घड्याळ पुरेसे नाही का, असे पुष्कळ जण विचारतात. अ‍ॅपलने 2018 मधल्या सिरीज 4पासून पडल्याची ओळख आणि त्यानंतर हालचाल न झाल्यास आपोआप फोन ही सोय दिली आहे, आणि बाहेर फिरणाऱ्या, फोन सहज हाताळणाऱ्या व्यक्तीला ती उपयोगी आहे. पण ते घड्याळ वरचेवर चार्ज करावे लागते आणि ते चार्जरवर असते तीच वेळ बहुधा रात्रीची, म्हणजे अंधारात उठण्याची, असते. स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्या व्यक्तीला मात्र घड्याळ किंवा बटण यांपैकी कशाचाही भरवसा देता येत नाही, कारण दाबायचे आहे हेच आठवत नाही. तिथे माणसाचीच सोबत हवी.

करार करण्यापूर्वी डबा कोणत्या जोडणीवर चालतो ते विचारावे. तांब्याच्या तारांवरचे जुने फोन अनेक देशांत बंद होत आहेत, जुनी मोबाइल जाळीही बंद होत आहेत, आणि त्यांवर चालणारा डबा एक दिवस मुकाट होतो. वीज गेल्यावर आतली बॅटरी किती तास चालते, सेवा मध्येच थांबवल्यास उरलेले पैसे परत मिळतात का आणि चाचणीची हाक कितीदाही देता येते का, हेही लेखी घ्यावे. आमच्या केंद्राने दर महिन्याला एक चाचणी करायला सांगितले आहे आणि सासूबाई ती शाळेच्या शिस्तीने करतात.

पडणे टाळण्यासाठी लागणारा खर्च आणि श्रम याहून वेगळे आहेत, आणि दोन्हींपैकी एकच शक्य असेल तर मी आधी त्याकडे वळेन. वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019च्या आढाव्यात नियमित व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी होते असे आढळले. त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांना महत्त्व आहे. झोपेच्या गोळ्यांचा डॉक्टरांकडून फेरविचार, शौचालयाजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि पलंगापासून तिथवरचा उजेड यांचीही जोड हवी. सासूबाईंच्या घरी दांडे आधी लागले, बटण नंतर आले.

मुदत संपल्यावर सासूबाईंनी ही सेवा पुढे चालू ठेवली, आणि नव्या अर्जावर सही त्यांची आहे. एकट्या राहणाऱ्या, शुद्धीत असलेल्या आणि स्वतःहून बटण घालायला तयार असलेल्या व्यक्तीसाठी मी तिची शिफारस करते. कमी ऐकू येत असेल, किंवा हाकेच्या अंतरावर येऊ शकणारे कोणीच नसेल, तर त्या दोन अडचणी सुटेपर्यंत करत नाही.