डेले बी२ चे अधिकृत मॉडेल पेपर : फुकट आहेत म्हणून बाजूला ठेवू नका

डेले ही स्पॅनिश भाषेची परीक्षा आणि बी२ ही तिची मध्यमच्या वरची लेव्हल, ती द्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो मटेरियल कुठलं घ्यायचं, आणि मग लोक भसाभस पुस्तकं आणि कोर्स घेत सुटतात, पण ही परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पेनच्या संस्थेच्या परीक्षेच्या साइटवर प्रत्येक लेव्हलचे मॉडेल पेपर ऑडिओसकट फुकट पडलेत ते बरेच जण शेवटच्या आठवड्यात "एकदा बघून घेऊ" म्हणून उघडतात. मी हे पेपर, सोबतची परीक्षेची गाइड आणि एक पैसे भरून घेतलेला ऑनलाइन कोर्स असं तिन्ही वापरलंय, आणि माझं मत अगदी पक्कं आहे, सुरुवात मॉडेल पेपरनेच करा.

कारण सांगते. बी२ ला निकाल पास किंवा नापास एवढाच लागतो, स्पॅनिशमध्ये आप्तो किंवा नो आप्तो, आणि मार्कांचं गणित दोन गटांत आहे. वाचन आणि लेखन मिळून ५०, ऐकणं आणि बोलणं मिळून ५०, दोन्ही गटांत वेगवेगळे किमान ३० पाहिजेत. म्हणजे वाचन जबरदस्त असेल तर लेखन थोडं सांभाळलं जातं, पण ऐकण्यात घसरलात तर वाचनाचे मार्क तिथे काही कामाचे नाहीत, तिथे बोलण्यानेच भरून काढावं लागतं. हे आधी कळलं ना की अभ्यासाचं वेळापत्रकच बदलतं. एक पेपर घड्याळ लावून सोडवला की आपला कुठला गट लंगडा आहे ते लगेच दिसतं.

वाचन ७० मिनिटं, ३६ प्रश्न. यातला शेवटचा भाग, उताऱ्यातल्या १४ गाळलेल्या जागा आणि प्रत्येकीला तीन पर्याय, हा माझ्या मते सगळ्या पेपरातला सगळ्यात उपयोगी सराव आहे, सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप), प्रिपोझिशन्स, जोडशब्द सगळं तिथे खऱ्या वाक्यात येतं आणि व्याकरणाचे नियम पाठ असूनही हात का अडतो ते कळतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नका.

ऐकण्याचा भाग साधारण ४० मिनिटांचा, पाच टास्क, प्रत्येक ऑडिओ दोनदा. इथे अधिकृत पेपर आणि बाहेरचं मटेरियल यातला फरक खूप जाणवला. मी घेतलेल्या कोर्सचं नाव घेत नाही, पण त्यांचे ऑडिओ इतके सावकाश आणि स्वच्छ होते आणि सगळे स्पेनच्याच उच्चारातले, की ते ऐकून उगाच कॉन्फिडन्स वाढतो. परीक्षेत लॅटिन अमेरिकेतले उच्चारही येतात. दुसऱ्या टास्कमध्ये दोघांचं बोलणं ऐकून हे वाक्य त्याचं, तिचं की दोघांचंही नाही असं ठरवायचं असतं, आणि ते "दोघांचंही नाही" फार फसवं आहे बरं का, कारण शब्द तेच ऐकू येतात पण तसं कोणीच म्हणालेलं नसतं.

आता उणी बाजू. लेखन तपासून कोण देणार? ८० मिनिटांत दोन मजकूर, प्रत्येकी १५० ते १८० शब्द, पहिला ऑडिओ ऐकून लिहायचं पत्र किंवा ईमेल, दुसऱ्यात दोन पर्यायांतून एक. मॉडेल पेपर तुम्हाला प्रश्न देतो, तुमच्या उत्तराचं काय ते सांगत नाही. गाइडमध्ये मार्क देण्याचे निकष मात्र आहेत, शून्य ते तीनच्या पट्ट्या, त्यात दोन म्हणजे बी२ ची पातळी, आणि निकष फक्त व्याकरणाच्या चुकांचे नाहीत, मजकुराची मांडणी, त्या प्रकाराला शोभेल अशी भाषा, शब्दांची व्याप्ती हेही धरतात. ते निकष शेजारी ठेवून स्वतःचं लिखाण वाचलं तर निम्मं काम होतं, उरलेल्या निम्म्यासाठी शिक्षक लागतोच. पैसे खर्च करायचेच असतील तर रेकॉर्डेड व्याकरणाच्या व्हिडिओंवर करू नका, लेखन तपासून देणाऱ्या आणि समोर बसून बोलायला लावणाऱ्या माणसावर करा. माझ्या कोर्समध्ये पैसे वसूल झाले ते फक्त त्या दोन गोष्टींत.

दुसरी अडचण म्हणजे पेपर मोजके आहेत आणि एकदा सोडवला की उत्तरं लक्षात राहतात, म्हणून सगळे एकदम संपवू नका, एक सुरुवातीला, बाकीचे शेवटी पूर्ण वेळ लावून सलग. वाचन, ऐकणं, लेखन मिळून तीन तासांच्या वर जातं आणि लेखनाला पोचेपर्यंत डोकं थकतं, त्या थकव्याचाही सराव लागतो.

ज्यांना झटपट निकाल हवा आणि पास-नापासचं टेन्शन नको त्यांनी सिएले ही स्पॅनिशचीच दुसरी परीक्षा बघावी, ती कॉम्प्युटरवर असते, १००० पैकी मार्क मिळतात त्यामुळे नापास असं काही नसतं, पण सर्टिफिकेट पाच वर्षंच चालतं. डेलेचं कायमचं असतं. पण सिएलेमध्ये बोलायचं ते माईकसमोर रेकॉर्ड होतं. मला समोर माणूस असलेला आवडतो.

डेलेच्या तोंडीला तयारीसाठी २० मिनिटं मिळतात, पहिल्या दोन टास्कपुरती. पहिल्यात एखाद्या समस्येवरचे उपाय तोलायचे, दुसऱ्यात फोटो बघून काय चाललं असेल ते कल्पनेने सांगायचं, तिसरा सर्व्हेवरचा टास्क तयारीविना. टिपणं आत नेता येतात पण वाचून दाखवता येत नाहीत, त्यामुळे मॉडेल पेपर घेऊन सराव करताना कागदावर पूर्ण वाक्यं लिहायचीच नाहीत, फक्त मुद्दे, आणि टायमर लावून मोठ्याने बोलायचं. घरात कोणी ऐकत असलं तरी चालेल.