एका कोळियाने: आमच्या घरात वाचलं तेव्हा

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या १९५२ सालच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला हा अनुवाद. पुलंचं नाव बघून हसायला म्हणून उघडू नका, पुस्तक त्या जातीचं नाही.

आमचं घर देवबागचं, मासेमारीवर चालणारं. बाबांचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून मीच रोज रात्री मोठ्याने वाचत होते. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा कोळी सांतियागो पंच्याऐंशीव्या दिवशी एकटा निघतो. दोर सोडतो ते चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वावांवर (एक वाव म्हणजे सहा फूट), आणि एकेक दोर पाण्यात सरळ उभा राहील याची काळजी घेतो. बाकीचे कोळी आपले दोर प्रवाहाबरोबर वाहू देतात. त्यांची गरी कधी साठ वावांवरच असते, त्यांना वाटतं शंभरावर आहे. इथे बाबांनी मला थांबवलं. म्हणाले, "ह्यो लिवणारो स्वतः गरवूक गेलेलो असतलो." खरंच होतं ते. क्युबाच्या किनाऱ्यावर हेमिंग्वे स्वतःच्या बोटीतून मार्लिन हा मोठा मासा धरायला जायचा.

मासा लागल्यावर म्हातारा दोर होडीला बांधत नाही, पाठीवरून घेतो. बांधला तर हिसक्याने तुटेल. डाव्या हाताला पेटके येतात, हात सुटावा म्हणून तो कच्चा कुपा (ट्यूना) खातो, तोही मिठाशिवाय. हे सगळं इतकं नेमकं लिहिलंय की माझेच तळवे दुखायला लागले. मासा निघतो अठरा फुटी, होडीपेक्षा दोन फूट लांब. मग शार्क येतात. हार्पून जातो, सुरी मोडते, सोटा जातो, शेवटी सुकाणूचा दांडाही. प्रत्येक वेळी बाबा विचारायचे, आता काय उरलं त्याच्याकडे?

बेसबॉलचा भाग आम्हाला परका वाटला. तरी म्हाताऱ्याच्या लाडक्या बेसबॉल खेळाडूचा, डिमॅजिओचा, बाप कोळी होता, हे वाक्य बाबांनी परत वाचायला लावलं.

मला सर्वांत लागला तो मनोलिन, म्हाताऱ्याबरोबर मासेमारी शिकलेला पोरगा. आईबाप त्याला म्हाताऱ्याच्या होडीवरून काढून दुसऱ्या होडीवर पाठवतात, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळतात. आईबापांचं चुकलं असं म्हणता येत नाही. तरी तो पोर म्हाताऱ्यासाठी कॉफी आणतो, आमिषाची मासळी आणतो. वय झालं म्हणून ज्यांना ट्रॉलरवर कुणी घेत नाही अशी माणसं आमच्याही किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हातात हे पुस्तक आधी द्या. आणि शक्य असेल तर त्यांना आजोबांसमोर मोठ्याने वाचायला सांगा.