पुराचा पंचनामा: तलाठ्याची वही की यंत्राची नजर?

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. घोळ होतो तो पंचगंगा पात्रात गेल्यावर, पंचनाम्याला. तलाठ्यानं बांधावर येऊन तो करावा की उपग्रह-ड्रोनच्या फोटोंवरून एआयनं? ग्रामसभेत ठराव करून तहसीलदारांकडे पाठवायचा असेल, तर आधी एवढं बघून घ्या.

वेगात यंत्राला तोड नाही. 2019 सारखा पूर आला की रस्ते गाळात आणि एकट्या तलाठ्याच्या गळ्यात अख्खी गावं. रडारचा उपग्रह ढगांआडूनही पाणी टिपतो, आणि कुठल्या गटात ते किती दिवस होतं हे सांगताना भावकी बघत नाही. चावडीत बसून लिहिलेले पंचनामे आपल्याला काही नवे नाहीत, तेव्हा तलाठी आला म्हणजे न्याय झाला, असंही नाही.

पण ऊस बघा. पाणी उतरल्यावर वरून फड हिरवागार दिसतो. फडात शिरून पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, ओढा, तो अलगद हातात येतो, बुडाशी कुजका वास. आत गाळ बसलाय. वाढ तिथंच थांबली. आता कांड्यांवर मुळ्या सुटणार, बाजूनं पांगशा फुटणार. पिकाच्या मदतीला किमान 33 टक्के नुकसान लागतं. यंत्रानं हिरवं बघून 20 लिहिलं की विषय संपला. मातीच्या घराचंही तेच: वर कौलं शाबूत, खाली भिंत फुगलेली. वाटेकऱ्याचं नाव तर सातबाऱ्यावरच नसतं; तलाठ्याला निदान शेजारचा सांगतो, रान कसतंय कोण.

तलाठी चुकला तर गाठून भांडता येतं. यंत्राशी कुठल्या खिडकीवर भांडणार? नेदरलँड्समध्ये करखात्यानं संगणकाच्या जोखीम-गुणांचा आधार घेत बालसंगोपन भत्त्यात हजारो पालकांना नाहक लबाड ठरवलं. त्यापायी जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

माझं मत विचाराल तर क्षेत्र आणि पाण्याचे दिवस यंत्राला मोजू द्या. त्यानं 'पात्र' म्हटलेल्याला पुन्हा बांधावर ताटकळत ठेवू नका. 'अपात्र' मात्र तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक फडात उतरल्याशिवाय कुणी लिहायचं नाही, आणि लिहिलं तर खाली सही-नाव हवं. उसाची दुसरी पाहणी पंधरा दिवसांनी, हेही ठरावात घाला. पहिल्या दिवशी तो तलाठ्यालाही हिरवाच दिसतो.